मेणवली दफ्तर

मेणवली दफ्तर : नाना फडणीस (१७४२–१८००) यांच्या मेणवली येथील वाड्यातला मोडी कागदपत्रांचा संग्रह. मेणवली हे सातारा जिल्ह्यात वाईजवळ, कृष्णाकाठी वसलेले गाव. नानांना ते १७६८ च्या सुमारास इनाम मिळाले, असे सामान्यतः मानतात; वाडा त्यानंतरचा, बहुधा १७८० च्या आसपासचा असावा. त्याचे चौक, भित्तिचित्रे, मागचा घाट व मेणेश्वराचे देऊळ सर्वपरिचित आहेत.

घाटावरच्या घंटेविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. चिमाजी आप्पांनी वसईच्या विजयानंतर ती येथे आणली, असे सांगतात. वसई पडली १७३९ मध्ये, आप्पा वारले १७४० मध्ये आणि नानांचा जन्म त्यानंतरचा. वसई मोहिमेतल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात व भीमाशंकरलाही आहेत. तेव्हा मूळ वसईचे असणे शक्य आहे. परंतु घंटा मेणवलीस पोहोचली ती नानांच्या काळात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पेशवाईचा हिशेब व पत्रव्यवहार नानांच्या हातून जात असल्याने घरच्या कागदांत राज्यकारभाराचे कागद आले आणि भानू (नानांच्या) घराण्याचे दफ्तर मराठ्यांच्या इतिहासाचे मोलाचे साधन ठरले. साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) यांच्या संग्रहात आल्याने ते टिकले, हे त्यांचे मोठेच ऋण होय. या संग्रहासाठी १९२५ मध्ये साताऱ्यास संग्रहालय उघडले. १९३९ मध्ये संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला.

अभ्यासकाची खरी कसोटी कालनिर्णयात लागते. सुहूर सन (मराठी कारभारात वापरात असलेली, मृग नक्षत्रापासून सुरू होणारी कालगणना) दिलेला असल्यास मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन निघतो. पण खाजगी पत्रांत पुष्कळदा ‘छ ७ रमजान’ (छ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याची तारीख) एवढेच असते, साल नसते. मग मजकुरातल्या घटना व माणसांचे हुद्दे यांवरून ते ठरवावे लागते. अशा वेळी रुमालातला (कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यातला) मूळ क्रम फार उपयोगी पडतो. रुमाल सोडून कागद विषयवार लावले की हा आधार कायमचा जातो.

नानांच्या पश्चात घराण्याचा वृत्तांत त्रोटक आहे. पत्नी जिऊबाई १८०४ मध्ये लोहगडावरून इंग्रजांच्या संरक्षणात पनवेलीस गेल्या व पुढे मेणवलीस राहिल्या. वाडा वंशजांकडेच आहे.