टिक्ससाठी निकोटिन पॅच: ही कल्पना आली कुठून?

टुरेटचं (म्हणजे टिक्सच्या आजाराचं; टिक्स म्हणजे मनात नसताना परत परत होणाऱ्या झटकेदार हालचाली किंवा आवाज) पहिलं सविस्तर वर्णन १८८५ चं वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देऊ. पॅचची गोष्ट सुरू होते १९८० च्या दशकाच्या शेवटी, तीही उंदरांपासून. हॅलोपेरिडॉल (मनोविकारांवरचं एक औषध) दिलेल्या उंदराचे पुढचे पाय दांड्यावर ठेवले तर तो तसाच थिजून उभा राहतो, आणि सोबत थोडं निकोटिन दिलं तर आणखी जास्त वेळ थिजतो, म्हणजे निकोटिनने हॅलोपेरिडॉलचा परिणाम वाढतो. टिक्ससाठी तेव्हा हॅलोपेरिडॉलच चालायचं पण सुस्ती, वाढतं वजन, अंग आखडणं यामुळे मुलं कंटाळून सोडून द्यायची. मग विचार आला की निकोटिनची जोड दिली तर कमी डोसात भागेल का.

आधी निकोटिनचा चघळायचा गम वापरून पाहिला. चघळताना आणि नंतर तासभर फरक पडायचा, मग परत जैसे थे, वर कडू चव आणि मळमळ. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिगारेट सोडवणारे पॅच आले तेव्हा तोच प्रयोग पॅचवर झाला. ७ मिलिग्रॅमचा एक पॅच, २४ तास दंडावर, मग काढून टाकायचा, आणि काहींच्या टिक्स त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे कमी राहिल्या! निकोटिन तर दर दोनेक तासांनी निम्मं होत जातं, दुसऱ्या दिवशी रक्तात जवळपास काहीच उरत नाही, मग हा परिणाम कशाचा?

इथेच खरा गुंता आहे. निकोटिन त्याच्या रिसेप्टरला (पेशीवरच्या ज्या जागी ते चिकटतं तिला) चालू करतं असं आपण धरून चालतो. पण ते बराच वेळ चिकटून राहिलं की रिसेप्टर थकून बंद पडतो, म्हणजे चालू करणारं औषध शेवटी कुलूप लावतं (निदान तेव्हाचा तर्क असा होता). मग थेट कुलूपच लावू म्हणून मेकॅमिलामाइन हे ब्लडप्रेशरचं जुनं औषध पुढे आलं. सुटे अनुभव छान होते, पण २००१ मध्ये ६१ मुलांवर डबल-ब्लाइंड चाचणी झाली (कोणाला खरं औषध मिळतंय ते मुलांनाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही) त्यात एकट्या मेकॅमिलामाइनचा औषध नसलेल्या साध्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. टिक्स मुळात आपसूक चढतात-उतरतात, आणि लोक डॉक्टरकडे जातात तेच त्या शिगेला पोचल्यावर, त्यामुळे सुट्या अनुभवांवर माझा फारसा भरवसा नाही.

त्याच वर्षी पॅचचीही चाचणी आली, ७० मुलं, सगळी हॅलोपेरिडॉलवर, मधेच त्याचा डोस निम्मा केलेला. खरा पॅच लावलेल्यांची तब्येत एकंदरीत बरी राहिली, पण मळमळ-उलट्याही त्यांनाच जास्त. म्हणजे एवढ्या मोठ्या चाचणीत पॅच तपासला गेला तो जोड म्हणूनच, तरी बोलताना सगळे सर्रास 'पॅचने टिक्सवर उपचार' म्हणून मोकळे होतात, ते मला खटकतं.

नंतर वारं फिरलं. २०१० मध्ये १२६ मुलांवरच्या अभ्यासात वर्तन-थेरपीचा चांगला फायदा दिसला, औषधांत क्लोनिडीन, ग्वानफॅसिन पुढे आली, आणि ज्या हॅलोपेरिडॉलला जोड म्हणून पॅच शोधला तेच आता बरेच डॉक्टर सुरुवातीला द्यायला तयार नसतात.