मॅनहोलचं छत कोण खातं?

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. एकूण क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. आकडा गाजला, सांडपाणी तिथवर ढकलणारी पंपिंग स्टेशनं मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. किनाऱ्यावरच्या लहान गावातही ती ‘अद्ययावत’ करायची म्हटलं की प्रश्न ठरलेले: किती हॉर्सपॉवर? पाइप केवढा? मोठा तो चांगला, हा समज इथे उलटा पडतो.

हिशेब मांडू. ३,२०० वस्ती, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात. म्हणजे दिवसाला साडेतीन लाख लिटर. ते वेट वेलमध्ये (मैलापाणी साठायच्या विहिरीत) जमतं आणि तिथून ३०० मिमी व्यासाच्या, एक किलोमीटर लांबीच्या रायझिंग मेनमधून (पंपाच्या दाबाने वाहणाऱ्या पाइपातून) पुढच्या मॅनहोलात जातं. या पाइपात ७०,००० लिटर मावतं. पंप सेकंदाला ५६ लिटरचा घेतला तर पाण्याला सेकंदाला ०.८ मीटर वेग मिळतो, वाळू तळाशी बसत नाही. मोटर तासाला दहापेक्षा जास्त वेळा सुरू होऊ नये म्हणून चालू-बंद पातळ्यांमध्ये ५,००० लिटरची जागा लागते. याचा अर्थ असा, की रात्री आवक कमी असताना पंप एकदा चालला की पाइपातलं पाणी जेमतेम ७० मीटर सरकतं आणि थांबतं, ट्रॅफिकमधल्या बससारखं. सरासरी पावणेपाच तास ते हवेविना पडून राहतं. ‘उद्याच्या लोकसंख्येसाठी’ ४५० मिमीचा पाइप टाकलात, तर जवळपास अकरा तास.

या मुक्कामात पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरातले जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड (कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू) सोडतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. गटाराच्या फुटक्या जोडांतून पाच टक्के खारं पाणी शिरलं, तरी १३५ मिलिग्रॅमची भर. किनाऱ्यावरचं दुखणं ते हेच. मध्यरात्री भरतीला आणि ओहोटीला वेट वेलमधल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. भरतीला ती उसळी मारत असेल तर खारं पाणी आत शिरतंय, पंपाआधी जोड दुरुस्त करा.

पाणी मॅनहोलात धबाधबा पडलं की वायू सुटतो आणि छताच्या ओलीत विरघळतो. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२-१३ असतो, तिथे काही जगत नाही. कालांतराने तो नऊच्या आसपास उतरतो आणि दुसरी जिवाणूसेना ठाण मांडते. यांना ऑक्सिजन लागतो. सल्फाइडपासून ते चक्क सल्फ्युरिक आम्ल बनवतात, सामू एक-दोनवर येतो आणि काँक्रीटचं जिप्सम होतं: स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर दह्यासारखं निघतं. पाण्याखालचा भाग मात्र शाबूत! म्हणून ‘सिमेंट भेसळीचं होतं’ हा आरोप करण्याआधी झीज पाण्याच्या वर आहे की सगळीकडे, ते बघावं. सल्फेटरोधक सिमेंटही इथे कामाचं नाही, कारण ते सल्फेटला दाद देत नाही, पण आम्लापुढे हात टेकतं.

चांदीचे पैंजण काळे पडले की ‘नजर लागली’ म्हणतात. ती करणीही मुख्यतः याच वायूची, त्या काळ्या थराला चांदीचं सल्फाइड म्हणतात. पंपाच्या पॅनेलमधलं तांबंही असंच काळवंडतं. पॅनेल वेगळ्या खोलीत हवं आणि केबलची भोकं सीलबंद हवीत, नाहीतर वायू केबलच्या पाइपातून वर येतो.

उपाय साधे आहेत. रायझिंग मेनचं तोंड मॅनहोलातल्या पाण्याच्या पातळीखाली सोडा. वेट वेलमध्ये कॅल्शियम नायट्रेट सोडा. नायट्रेट मिळत असेल तोवर सल्फाइडचा कारखाना मंदावतो. मॅनहोलला आतून एचडीपीईचं (टणक प्लास्टिकचं) अस्तर लावा. पंप वर-खाली करायच्या साखळ्या आणि गाइड रेल (पंप ज्यावरून सरकतो ते उभे दांडे) ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, ३०४ प्रतीला खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडतात. ‘वास घालवणारी जादुई पावडर’ विकणाऱ्याला आधी सल्फाइडचे आधीचे आणि नंतरचे आकडे मागा.

वासावर मात्र विसंबू नका. हवेत १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, त्यामुळे ‘वास गेला, उतर आता’ हे वाक्य जीवघेणं आहे. गॅस मीटर आधी दोरीने खाली सोडायचा, १० पीपीएमला तो बोंबलला पाहिजे. आणि पंप असा बसवायचा की गाइड रेलवरून साखळीने थेट वर ओढता येईल; इम्पेलरमध्ये (पंपाच्या फिरत्या चाकात) अडकलेली चिंधी काढायला कुणाला खाली उतरावंच लागू नये.