नाशिकमध्ये फोटो काढायला परवानगी कुठे लागते, कुठे नाही: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

गोदेला पूर आला की अर्धं नाशिक अहिल्यादेवी होळकर पुलावर मोबाइल उंचावून उभं असतं. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, हे घरी दाखवायचं असतं. त्या गर्दीला कोणी काही विचारत नाही. पण त्याच कठड्यापाशी एखाद्याने मोठी लेन्स लावलेला कॅमेरा बाहेर काढला, की मागून प्रश्न येतोच: “परवानगी आहे का?”

रामकुंडावर मलाही हा प्रश्न एकदा विचारला गेला. परवानगी कोणाची, हे विचारणाऱ्याला सांगता येईना, आणि ती कुठून आणायची हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी मी चार फोटो पुसले आणि मुकाट्याने घरी आलो. पुसायची काहीच गरज नव्हती, हे कायदा वाचल्यावर कळलं.

परवानगी कशाला लागत नाही

रस्ता, पूल, घाट, भाजीबाजार, मिरवणूक अशा सार्वजनिक ठिकाणी स्वतःसाठी, हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सरसकट परवानगी लागेल असा कायदा आपल्याकडे नाही. संविधानाच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात हे बसतं. त्यासाठी पत्रकार असणं, ओळखपत्र असणं किंवा कॅमेरा छोटा असणं अशी कोणतीही अट नाही. इमारतीचा फोटो काढला म्हणून वास्तुविशारदाच्या हक्काचा भंग होत नाही, चौकातल्या पुतळ्याचा काढला म्हणून शिल्पकाराच्याही नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये तशी स्पष्ट सूट आहे.

परवानगीचा प्रश्न तीन कारणांनी येतो. जागा कोणाच्या तरी ताब्यात असते, साधन वेगळं असतं (ट्रायपॉड, दिवे, ड्रोन), किंवा काम पैशासाठी असतं. या तिन्हींतलं काही नसेल तर अर्ज करत बसू नका. साहेबांच्या टेबलावर नसलेल्या परवानगीसाठी अर्ज गेला, की तो नाकारायचा का मंजूर करायचा हे त्यांनाही कळत नाही, आणि तुमचा पावसाळा संपतो.

आधी जागेचा मालक शोधा

पांडवलेणीचंच घ्या. वरची चोवीस लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. पायथ्याचं दादासाहेब फाळके स्मारक महापालिकेचं. शेजारचं नेहरू वनोद्यान वनविकास महामंडळाचं. एकाच डोंगराच्या कुशीत तीन मालक, म्हणजे तिथे जाहिरातीचं शूटिंग करायचं तर तीन वेगळे अर्ज. त्र्यंबकच्या ज्या माणसाने या देशात चित्रपट उभा केला, त्याच्या स्मारकात कॅमेरा न्यायचा तर आता आवक-जावक सांभाळावी लागते, ही गंमत मला दर वेळी वाटते.

केंद्रीय संरक्षित स्मारकांत (पांडवलेणी, सिन्नरचं गोंदेश्वर, अंजनेरीची मंदिरं) हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला मोकळीक आहे. जुलै २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने तसं जाहीर केलं. देशभरात फक्त तीन अपवाद ठेवले: ताजमहालाची मुख्य कबर, अजिंठ्याची भित्तिचित्रं आणि लेहचा राजवाडा. यांतलं एकही नाशिक जिल्ह्यात नाही. तरी गेटवर कोणी अडवलं तर हा मुद्दा शांतपणे सांगा. ट्रायपॉड लावायचा, दिवे आणायचे किंवा चित्रीकरण करायचं असेल तर मात्र खात्याचा परवाना हवा. त्याचा ठरलेला नमुना आहे, शुल्क आहे आणि परत मिळणारी अनामत आहे. अर्ज कोणत्या मंडळ कार्यालयाकडे करायचा हे स्मारकाबाहेरच्या निळ्या फलकावर पाहून घ्या.

त्र्यंबकेश्वराचं मंदिरही केंद्रीय संरक्षित आहे, पण तिथे पूजाअर्चा चालते आणि मंदिरात मोबाइल-कॅमेऱ्याला मनाई आहे. तिथे वाद घालू नये. काळाराम मंदिर आणि घाटावरची इतर देवळं यांत विश्वस्त मंडळाचा नियम चालतो. मॉल, वाइनरी, लग्नाचे लॉन्स यांचंही तसंच: तिकीट काढून सगळ्यांना आत सोडतात म्हणून जागा सार्वजनिक होत नाही. मालकाने कॅमेरा ठेवायला सांगितला तर ठेवायचा, नाहीतर बाहेर पडायचं.

नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. अभयारण्यात शिरण्यासाठी कोणत्या कारणांवर परवाना देता येतो ते वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ मध्ये दिलं आहे आणि फोटोग्राफी त्यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने चित्रपट-चित्रीकरणही जोडलं, पण अधिवासाला धक्का न लावण्याच्या अटीवर. हौशी माणसाचं काम गेटवर प्रवेश आणि कॅमेऱ्याची पावती फाडून होतं. माहितीपट किंवा जाहिरात असेल तर वन्यजीव विभागाच्या नाशिक कार्यालयातून सुरुवात करा, अंतिम अधिकार नागपूरला बसणाऱ्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा. घरट्याच्या फोटोसाठी कोणीही परवानगी मागू नये असं माझं मत आहे.

रेल्वेची हद्द वेगळी. नाशिकरोड स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं. व्यावसायिक चित्रीकरणाचा अर्ज मुंबईला मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांकडे जातो. कसारा घाटात रुळावर उतरून रील करणाऱ्यांनी रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ वाचावं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इथे कॅमेरा खाली

नाशिकइतक्या प्रतिबंधित जागा फार थोड्या शहरांत असतील. देवळालीचं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, गांधीनगरची लष्करी धावपट्टी, ओझरचं एचएएल आणि हवाई दल, नाशिकरोडच्या नोट प्रेस आणि सिक्युरिटी प्रेस. जेलरोडने जाताना प्रेसची भिंत सहज फ्रेममध्ये येते. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ खाली ‘निषिद्ध स्थान’ ही संकल्पना आहे, आणि देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने तिथे गेल्यास किंवा नकाशा-रेखाटन केल्यास शिक्षा मोठी आहे, संरक्षणविषयक प्रकरणात चौदा वर्षांपर्यंत. तुमचा हेतू तसा नसेलही, पण तो सिद्ध करायला रात्र पोलीस ठाण्यात जाऊ शकते. पाटी दिसली की कॅमेरा पिशवीत.

याच कायद्याचा धाक दाखवून पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले जायचे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं, की पोलीस ठाणं या कायद्यातल्या ‘निषिद्ध स्थाना’त मोडत नाही.

माणसांचे फोटो

सगळ्यात नाजूक जागा रामकुंड. उघड्यावर आंघोळ चालते, भक्तिभाव असतो, आणि फोटोला सुंदर प्रकाशही तिथेच असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चं कलम ६६ई सांगतं, की एखाद्याच्या खासगी अवयवांचं चित्र त्याच्या संमतीशिवाय टिपणं, पाठवणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महत्त्वाचं म्हणजे जागा सार्वजनिक की खासगी, याने फरक पडत नाही. आतले कपडे अंगावर असले तरी कलम लागतं, आणि ते स्त्री-पुरुष दोघांनाही संरक्षण देतं. “घाट सार्वजनिक आहे ना?” हे उत्तर इथे चालत नाही. त्याशिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (चोरून पाहणं आणि चित्र घेणं) आणि कलम ७८ (पाठलाग) आहेतच.

बाकी बाजारातल्या, मिरवणुकीतल्या चेहऱ्यांचे फोटो काढणं हा गुन्हा नाही. पण तोच चेहरा साडीच्या दुकानाच्या फलकावर गेला तर लेखी संमती हवी. लहान मूल असेल तर पालकांची घ्या. एका पानावर नाव, सही, तारीख आणि फोटो कशासाठी वापरणार एवढं लिहिलेलं पुरतं. कोणी “नको” म्हणालं तर मी कॅमेरा खाली करतो. कायदा तसं म्हणत नसला तरी उद्या पुन्हा त्याच गल्लीत जायचं असतं.

अर्ज कोण करू शकतो, कुठे करायचा

हौशी व्यक्ती, स्टुडिओचा मालक, निर्मिती संस्था, महाविद्यालय, कोणीही अर्जदार होऊ शकतो. रस्त्यावर किंवा चौकात शूटिंग असेल तर शहरात पोलीस आयुक्तालय (वाहतूक शाखेसह), आणि त्र्यंबक, सिन्नर, निफाडकडे असेल तर ग्रामीण पोलीस अधीक्षक. बागा, घाट, स्मारकं यांसाठी शरणपूर रोडवरचं महापालिकेचं राजीव गांधी भवन. चित्रपट, मालिका, वेबसिरीज असं मोठं काम असेल तर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी ऑनलाइन यंत्रणेतून जा.

सोबत साधारणपणे एवढे कागद ठेवावेत: अर्जदाराचं आधार किंवा इतर ओळखपत्र, व्यवसाय असेल तर शॉप अ‍ॅक्ट किंवा उद्यमचं प्रमाणपत्र, काम करणाऱ्यांची नावं, साहित्याची आणि गाड्यांची यादी, जागेचा साधा नकाशा, कथेचा किंवा कामाचा एका पानाचा सारांश, आणि नुकसान झाल्यास भरपाईचं हमीपत्र. अर्जाचा मजकूर छोटा असावा:

*प्रति, मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर.*
*विषय: अमुक ठिकाणी छायाचित्रणासाठी परवानगी मिळणेबाबत.*
*महोदय, दि. … रोजी सकाळी ६ ते ८ या वेळेत वरील ठिकाणी छायाचित्रण करावयाचे आहे. एकूण पाच व्यक्ती, दोन कॅमेरे, एक ट्रायपॉड. वाहतुकीस अडथळा होणार नाही व जागा स्वच्छ करून दिली जाईल. ड्रोन वापरला जाणार नाही. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.*

दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. वेळ पहाटेची टाकली तर काम लवकर होतं. गर्दीची वेळ टाकली की वाहतूक शाखेचा अभिप्राय मागवला जातो आणि फाइल फिरत राहते.

ड्रोन

लग्नसराईत घोटाळा इथेच होतो. ड्रोन नियम २०२१ नुसार ड्रोनला नोंदणी क्रमांक (यूआयएन) लागतो, नमुना डी-२, शुल्क १०० रुपये. पूर्वी यासाठी पासपोर्ट मागत. २०२४ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन परवाना चालतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आणि बिगरव्यावसायिक वापराच्या २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाचे पैसे घेणाऱ्याचा मायक्रो ड्रोन मात्र या सवलतीत बसत नाही. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण हवं.

हिरव्या क्षेत्रात (हवाई नकाशावर पूर्वपरवानगी न लागणारा भाग) ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. आपल्याकडे गांधीनगरची धावपट्टी शहराच्या पोटातच असल्याने उडवण्याआधी सरकारी हवाई नकाशा पाहा. वर पोलीस आयुक्तांचे मनाई आदेशही निघत असतात. नियमभंगाला एक लाखापर्यंत दंड आहे.

कोणी “डिलीट कर” म्हणालं तर

फोटो पुसायला लावण्याचा अधिकार रखवालदाराला, होमगार्डला किंवा बाजूच्या काकांना नाही. पोलिसांनाही जागच्या जागी पुसून घेता येत नाही. गुन्ह्याचा संशय असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली ते कॅमेरा जप्त करू शकतात, पण मग रीतसर पंचनामा होतो. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण त्यांनीच करायचं असतं. “३५३ लावू का?” ही धमकी अजून ऐकू येते. जुन्या दंड विधानातलं हे सरकारी कर्मचाऱ्यावरच्या हल्ल्याचं कलम आता न्याय संहितेत १३२ झालं आहे आणि त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. नुसता कॅमेरा धरून उभं राहणं त्यात येत नाही. हात मात्र लावू नका, आवाज चढवू नका, आणि काम चालू असलेल्या जागेत मध्ये घुसू नका.

नंतर माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका: “अमुक ठिकाणी छायाचित्रणास मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत द्यावी.” १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला २० रुपये. आदेश असेल तर प्रत मिळते आणि पुढचा अर्ज कोणाला करायचा ते कळतं. नसेल तर “अभिलेखात उपलब्ध नाही” असं उत्तर येतं. ते लॅमिनेट करून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा.

फोटो कोणाचा

काढणाऱ्याचा. पण लग्नाची ऑर्डर पैसे घेऊन घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हक्क ऑर्डर देणाऱ्याचा. म्हणून पावतीवरच एक ओळ लिहून घ्या. नोंदणी सक्तीची नाही. करायची तर नमुना १४, कलाकृतीसाठी ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

सिंहस्थासाठी

३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान आहे. वर सांगितलेली मोकळीक त्या दिवसांत आपोआप चालेल असं धरू नका, गर्दीच्या व्यवस्थेसाठी वेगळे आदेश निघतात. अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून सरकारी मान्यता) पत्रकारांना मिळते, त्यासाठी जिल्हा माहिती कार्यालयात जावं लागतं. हौशी फोटोग्राफर त्यात बसत नाही, आणि ओळखीच्या वृत्तपत्राच्या नावाचं कार्ड गळ्यात घालून आत शिरण्याचा उद्योग करू नये. पर्वणीच्या आदल्या आठवड्यात आयुक्तालयाचे आदेश वाचा, आणि ट्रायपॉड घरी ठेवा.