गळती की घाम? टिअरड्रॉपमध्ये सकाळी दिसणारं पाणी

घरी बांधलेल्या टिअरड्रॉपमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या थेंबाच्या आकाराच्या छोट्या झोपायच्या ट्रेलरमध्ये, पहिली थंड रात्र काढली आणि सकाळी डोळे उघडले, तर छताला थेंब लटकलेले. त्यातला एक बिजागरीच्या पट्टीवरून घरंगळत आला आणि उशीच्या कोपऱ्यावर टपकला. महिनोन्‌महिने खपून प्लाय कापला होता, सांधे जुळवले होते, वार्निशचे तीन हात दिले होते. पोटात गोळाच आला. गळतंय! त्याच दुपारी सिलिकॉनची नळी घेतली आणि दिसेल ती फट बुजवली. पुढच्या खेपेला पाणी आणखी वाढलं. आणि दोन्ही रात्री आभाळ स्वच्छ होतं, पावसाचा थेंब नव्हता.

ते पाणी बाहेरून आलेलंच नव्हतं. रात्रभर आम्ही दोघांनी सोडलेल्या श्वासाचं होतं ते.

गळती म्हणजे बाहेरचं पाणी फटीतून आत झिरपणं. घाम म्हणजे आतल्याच हवेतली वाफ गार पत्र्यावर, काचेवर, स्क्रूच्या डोक्यावर थिजून पाणी होणं. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून सुटतो तसाच. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पण एकाचा उपाय दुसऱ्याला मारक आहे. घाम सुटणारी केबिन आणखी बंद केली की वाफ कोंडते आणि थेंब वाढतात. उलट गळणाऱ्या केबिनला घाम समजून नुसता पंखा लावला, तर आतला पृष्ठभाग सुकतो, आपण निर्धास्त होतो, आणि प्लायच्या थरांमध्ये मुरलेलं पाणी लाकूड कुजवत राहतं. म्हणून सीलंटची नळी हातात घेण्याआधी पाणी कुठलं ते ठरवायचं. यात घाई करू नका, कळकळीनं सांगतोय.

टिअरड्रॉपला घाम इतका का सुटतो, हे हिशोब मांडला की पटतं. ४ बाय ८ फुटांच्या प्लाय शीटवर बेतलेल्या ट्रेलरमध्ये मागचं किचन वगळलं तर झोपायच्या भागात साधारण अडीच घनमीटर हवा मावते. २० अंश सेल्सिअसच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते, म्हणजे अख्ख्या केबिनमध्ये फार तर चाळीसेक ग्रॅम. दोन झोपलेली माणसं श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी सोडतात. बंद केबिनमधली हवा तासाभरातच तुडुंब भरते. उरलेलं पाणी जाणार कुठे? त्यात हवा थंडावली की तिची वाफ धरायची ताकद घटते. १० अंशांवर तीच मर्यादा साडेनऊ ग्रॅमच्या जवळपास येते.

आणि हो, ऊब यावी म्हणून आत गॅसची शेगडी पेटवायची नाही. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. ते सोडा, बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. टिअरड्रॉपचं किचन बाहेरून उघडणाऱ्या झाकणाखाली असतं, ते तिथेच बरं.

आता ओळखायचं कसं? सगळ्यात आधी रात्र कशी होती ते आठवा. चांदण्यांनी भरलेल्या निरभ्र रात्री छताचा पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतो, त्यामुळे घामाचा जोर अशाच रात्री. पावसाच्या रात्री किंवा पावसातून गाडी पळवल्यावरच ओल दिसत असेल, तर संशय गळतीवर.

मग थेंबांची मांडणी बघा. घाम सगळीकडे पसरतो, पण जिथून थंडी आत येते तिथे दाट होतो: खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, आरपार गेलेले स्क्रू, फोमच्या तुकड्यांमधल्या लाकडी फासळ्या. फासळ्यांच्या रेषेत ओळीनं थेंब दिसले की ओळखावं, तिथे इन्सुलेशन तुटलंय. गळती मात्र एका बाजूला, एका ठिकाणी येते आणि सुकल्यावर तपकिरी कड सोडून जाते, चहाच्या डागासारखी. हवा खेळत नाही अशा कोपऱ्यात काळे ठिपके उमटले असतील, तर ती बहुधा घामावर पोसलेली बुरशी.

तरीही खात्री नसेल तर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा संशयित जागेवर चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी थेंब प्लास्टिकच्या वर, म्हणजे केबिनच्या बाजूला असतील तर पाणी हवेतलं. खाली, लाकडाच्या बाजूला असतील तर ओल लाकडातून येतेय.

सगळ्यात जास्त फसवते ती गादीखालची ओल. गादी उचलली की जमिनीचा प्लाय भिजलेला दिसतो आणि माणूस ट्रेलरखाली आडवा होऊन फट शोधू लागतो. आधी ओल्या डागाचा आकार बघा. खांदे आणि कंबर टेकतात तिथेच ओल असेल तर ती अंगाची वाफ आहे; गादीतून खाली उतरली आणि गार प्लायवर थिजली. गादीखाली लाकडी पट्ट्या किंवा जाळीदार थर घालून खालून हवा खेळू दिली की हा त्रास बराच कमी होतो. ओल चाकाच्या खोबणीपाशी किंवा जमीन आणि भिंत मिळतात त्या सांध्यालगत असेल, तर चाकांनी उडवलेलं पाणी आत शिरतंय.

बाकी घामाला उपाय एकच, हवेची ये-जा. खाली एक फट, वर छताचा व्हेंट थोडा उघडा, दोन्ही एकाच वेळी. थंडी वाजते म्हणून खालची बंद केली की वरची निम्मी वाया जाते. पांघरूण वाढवा, पण हवा चालू ठेवा.

गळतीला मात्र चिकाटी लागते, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. फासळीच्या कडेनं हातभर प्रवास करून मग थेंब पडतो. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून साध्या नळीनं हलकं पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून एकेक सांधा वर चढत. आधीच वरून पाणी ओतलं तर ते सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर तर नकोच. चांगला सांधाही तो उखडतो. बहुतेक वेळा दोषी सापडतात ते किचनच्या झाकणाची लांब बिजागरी, छत आणि भिंतीच्या कडेची पट्टी, व्हेंटची चौकट आणि मागच्या दिव्यांच्या वायरीची भोकं. अशा पट्ट्यांखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ राहणारी चिकट रबरी पट्टी, घालावी. सिलिकॉन मी आता तिथे लावत नाही: त्यावर रंग धरत नाही, आणि पुढे दुरुस्ती करायची झाली तर जुन्या थरावर नवा थरही चिकटत नाही.

फट सापडली म्हणून लगेच बुजवूही नका. पट्टी काढा, लाकूड उघडं ठेवा, ओलावा मोजायचं पिनांचं मीटर टोचून बघा. आकडा २० टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय सील केलं, तर पाणी आतच कोंडतं. नंतर आमच्या ट्रेलरची बिजागरी एका पावसाळी सहलीत खरोखरच गळली. तेव्हा झाकण उतरवून तो कोपरा छपराखाली आठ दिवस तसाच ठेवला, रोज सकाळी मीटर लावलं, आणि प्लायच्या कडेला इपॉक्सी (मिसळल्यावर कडक होणारं दोन भागांचं रेझिन) पाजून मगच पट्टी परत बसवली.