जनरेट केलेला क्लायंट सर्व्हरशी कायम जुळलेलाच असतो का?

डेव्हलपर ग्रुप्सवर कधीपासून फिरणारं वाक्य: ओपनएपीआय फाईलवरून (सर्व्हर काय घेतो आणि काय परत देतो ते लिहिलेली फाईल) क्लायंट लायब्ररी, म्हणजे ॲपमधून सर्व्हरशी बोलणारा कोड, जनरेट केली की ती सर्व्हरशी जुळलेलीच राहते, वेगळी तपासायची गरज नाही.

असं वाटणं साहजिक आहे, कोड मशीनने लिहिलेला असतो ना. पण जनरेटर सर्व्हरकडे बघतच नाही, तो फक्त ती यामल किंवा जेसन फाईल वाचतो. खात्री करायचीय? फाईल लोकल ठेवा, सर्व्हर बंद करा आणि जनरेटर चालवा, क्लायंट तरीही तयार होतो.

आता समजा फाईलमधे फोन नंबर रिक्वायर्ड स्ट्रिंग आहे आणि सर्व्हर कधीकधी नल (म्हणजे काहीच व्हॅल्यू नाही) पाठवतो, तर स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेतला क्लायंट कंपाइल अगदी नीट होतो आणि युजरच्या हातात गेल्यावर डीकोड करताना एरर देतो. ओपनएपीआयच्या 3.0 व्हर्जनमधे यासाठी नलेबल ट्रू लिहायचं असतं, 3.1 मधे ते काढून टाईपच्या यादीतच नल देतात, माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

म्हणून कर्लने (कमांड लाईनवरून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) खरा रिस्पॉन्स घ्या, मुद्दाम रिकाम्या फील्डवाला रेकॉर्ड निवडा आणि फाईलमधल्या स्कीमाशी, म्हणजे कुठलं फील्ड कसं असावं त्या वर्णनाशी, ताडून बघा. दर वेळी हाताने नको असेल तर स्कीमाथेसिससारखं टूल सीआयमधे (कोड बदलला की आपोआप तपासण्या चालवणारी व्यवस्था) लावा, ते फाईल वाचून चालू सर्व्हरला रिक्वेस्ट मारतं आणि कुठे जुळत नाही ते दाखवतं.