फोनच्या पोटातलं मोदकपात्र

"मामा, टायटॅनियम काढून परत ॲल्युमिनियम लावलंय. एक लाख चौतीस हजार नऊशे रुपये घेणार आणि हातात जर्मनचं पातेलं ठेवणार!"

९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आयफोन १७ प्रो जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुण्याहून भाच्याचा फोन आला. 'जर्मन' हा शब्द त्याने माझ्या आईकडून उचललेला. आपल्याकडे जुन्या बायका ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. मानाच्या उतरंडीत त्याची जागा तळाला. पितळेला मान, तांब्याला मान, स्टीलवर नाव घालून ते आहेरात द्यायचं. जर्मनचं पातेलं मात्र दूध तापवायला आणि अंघोळीचं पाणी काढायला. त्या उतरंडीत टायटॅनियम कुठेतरी देव्हाऱ्याजवळ बसतं. विमानात लागतं, मोडलेल्या हाडात बसवतात, नाव घेतलं तरी भारी वाटतं. दोनच वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, आयफोन १५ प्रोला टायटॅनियमची चौकट आली तेव्हा लोक हरखले होते. ते काढून ॲल्युमिनियम? भाच्यासारखीच अनेकांची पहिली प्रतिक्रिया एका शब्दाची होती: डाउनग्रेड.

बाकीच्या प्रतिक्रिया आपण सगळ्यांनी ऐकल्याच. नारिंगी रंगाला आपल्याकडे लगेच 'भगवा' म्हटलं गेलं आणि त्याच रंगासाठी झुंबड उडाली. काळा रंगच नाही म्हणून काही जण नाराज झाले. आधीच्या मॉडेलचं १९९ ग्रॅम वजन २०६ ग्रॅमवर गेलं, जाडीही अर्ध्या मिलिमीटरने वाढली, त्यावरही कुरकुर झाली. १९ सप्टेंबरला विक्री सुरू झाली तेव्हा मुंबईत बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानाबाहेर रात्रीपासून रांग होती आणि तिथे ढकलाढकलीही झाली. या सगळ्या गलबल्यात फोनमधला सगळ्यात मोलाचा बदल मागे पडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो बदल डोळ्यांना दिसत नाही. तो उष्णतेचा आहे: ॲल्युमिनियमच्या अंगाच्या जोडीला आत 'व्हेपर चेंबर' नावाची, उष्णता पसरवणारी चपटी डबी आली. आणि उष्णता हा आपल्या हवेतल्या फोनधारकांचा रोजचा प्रश्न आहे.

आधी धातूंचं बघू. उष्णता किती सहज पुढे सरकते हे मोजायला उष्णता वाहकता नावाची राशी आहे. तांब्याची साधारण ४००. वापरातल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची दीडशेच्या आसपास. स्टेनलेस स्टीलची १५. आणि फोनसाठी वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूची? जेमतेम ७. एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन असं लांबलचक आहे, पण तुलनेसाठी नुसते आकडे पुरेत. ॲल्युमिनियम टायटॅनियमपेक्षा सुमारे वीसपट चांगलं उष्णता वाहून नेतं. स्वयंपाकघरात हे आपण रोज बघतो. नुसत्या स्टीलच्या पातळ पातेल्यात दूध ठेवलं की ज्योतीच्या बरोबर वर करपतं, म्हणून तर स्टीलच्या भांड्याला तांब्याचा तळ देतात. चहाच्या टपरीवरचं पोचे आलेलं पातेलं जर्मनचं असतं, कारण ते भराभर आणि सगळीकडे सारखं तापतं.

धातूत उष्णता वाहून नेण्याचं काम मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन करतात. ॲल्युमिनियममध्ये त्यांना वाट बरीच मोकळी मिळते. टायटॅनियमच्या मिश्रधातूत ते पावलोपावली अडखळतात. मजबुतीत टायटॅनियमचा हात धरणारे धातू थोडे, पण उष्णतेच्या बाबतीत ते धातूंमधलं घोंगडं आहे.

आता फोनच्या आत बघा. मुख्य चिप नखाएवढी. व्हिडिओ काढताना, गेम खेळताना किंवा उन्हात नकाशा लावून गाडी चालवताना ती काही वॅट वीज खाते, आणि त्या विजेची शेवटी उष्णताच होते. तीन-चार वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण नखाएवढ्या जागेत ती मोठी आग आहे. लॅपटॉपसारखा पंखा इथे नाही. उष्णता बाहेर जायला वाट एकच: फोनचं अंग.

कागदावर एक हिशोब मांडतो. फोनच्या दोन्ही बाजू मिळून पृष्ठभाग साधारण २१० चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत दर चौरस मीटरमागे, दर अंश फरकामागे, हवा आणि प्रारण (तापलेल्या अंगातून किरणांच्या रूपात जाणारी उष्णता) मिळून ढोबळमानाने १० वॅट उष्णता निघून जाते. हाताला सोसेल असं फोनचं तापमान ४५ अंशांच्या आत ठेवायचं. खोलीत ३० अंश असतील तर फरक १५ अंशांचा. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे तीन वॅट. जास्तीत जास्त एवढंच, आणि तेही सगळं अंग एकसारखं तापलं तर. चिपच्या मागचा रुपयाएवढा ठिपका ४५ अंशांवर आणि बाकीचा फोन ३५ वर असेल, तर बाहेर जाणारी उष्णता एकदम कमी होते. मग आतलं सॉफ्टवेअर चिपचा वेग उतरवतं, पडद्याचा उजेड कमी करतं, कॅमेरा अडखळतो. फोन 'हँग' होतोय असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो स्वतःला भाजण्यापासून वाचवत असतो.

थोडक्यात, अभियंत्यांपुढचा प्रश्न असा की एका ठिपक्यातली आग सगळ्या अंगावर पसरवायची कशी. धातू कितीही चांगला असला तरी पातळ पत्र्यातून ते पुरेसं होत नाही. इथे पाणी मदतीला येतं.

भाच्याने त्या दिवशी विचारलं, "व्हेपर चेंबर म्हणजे नक्की काय रे? फोनमध्ये पाणी?" गणपती नुकतेच गेले होते, त्यामुळे उदाहरण शोधावं लागलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या आईचं मोदकपात्र आठव."

मोदकपात्रात तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर केळीच्या पानावर मोदक. ज्योत फक्त खालून लागते, तरी सगळे मोदक सारखे उकडतात. पाण्याची वाफ होते, वाफ पात्रात कानाकोपऱ्यात पोचते, थंड मोदकाला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि होताना ती आपल्याजवळची उष्णता तिथे सोडते. पाणी ठिबकून परत तळाला जातं. झाकणावरचं पाणी मोदकांवर पडू नये म्हणून तर आपण झाकणाला फडकं बांधतो. दहावीच्या विज्ञानात याला अप्रकट उष्मा म्हणतात, आणि तिथला आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला ७० कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या एक ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४०. थंडाव्याच्या जागी हीच वाफ सगळ्या ५४० परत देते. उकळत्या पाण्याच्या थेंबापेक्षा वाफेचा चटका जबर बसतो तो यामुळे.

व्हेपर चेंबर म्हणजे हे मोदकपात्र दाबून कार्डासारखं चपटं केलेलं. धातूचे दोन पातळ पत्रे, मध्ये अगदी थोडं क्षारमुक्त शुद्ध पाणी, कडा घट्ट सांधलेल्या. दोन गोष्टी मात्र स्वयंपाकघरापेक्षा वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे आतली हवा काढून टाकलेली असते. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. उंच डोंगरावर डाळ शिजत नाही ती याचमुळे. वातावरणाच्या दाबाच्या साधारण चौदाव्या हिश्श्यावर पाणी ४० अंशांनाच उकळू लागतं. त्यामुळे चिप जराशी तापली तरी तिथलं पाणी वाफ होऊन थंड बाजूकडे धावतं, दुसऱ्या टोकाला निवतं आणि उष्णता चौकटीच्या हवाली करतं. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी परत आणण्याची सोय. फोन आडवा, उभा, उलटा कसाही धरला जातो, तेव्हा ठिबकून खाली येण्यावर विसंबता येत नाही. म्हणून आतल्या बाजूला बारीक सच्छिद्र थर असतो आणि समईच्या वातीतून तेल वर चढतं तसं त्यातून पाणी सरकत चिपपाशी येतं. पंप नाही, वीज नाही, हलणारा एकही भाग नाही. मला हे यंत्र अतिशय देखणं वाटतं.

"पण मामा, अँड्रॉइडवाल्यांकडे हे कधीचंच आहे!" खरं आहे. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस७ मध्ये २०१६ साली पाण्याची उष्णता-नळी होती, पुढे व्हेपर चेंबर आले, आणि २०१९ च्या रेडमॅजिक ३ या गेमिंग फोनात तर चक्क छोटा पंखा बसवला होता. आयफोनला उशीर झाला. पण उशिरा आला तो जोडीने आला: चेंबर ॲल्युमिनियमच्या अखंड अंगाला जोडलेला. चेंबरने ठिपक्यातली उष्णता आतल्या आत पसरवायची आणि ॲल्युमिनियमने ती कडेपर्यंत नेऊन हवेला द्यायची. चौकट टायटॅनियमची असती तर मोदकपात्रावर घोंगडं पांघरल्यासारखं झालं असतं. त्याच दिवशी जाहीर झालेल्या आयफोन एअरची चौकट मात्र टायटॅनियमचीच आहे, आणि तेही योग्यच. तो फोन ५.६ मिलिमीटर जाडीचा. त्याला वाकण्याची भीती जास्त, आणि त्यात व्हेपर चेंबरही नाही. एकाच कंपनीने एकाच दिवशी दोन फोनांना दोन धातू दिले, कारण दोघांची कामं वेगळी होती. यात बढतीही नाही आणि पदावनतीही नाही.

टायटॅनियमवर अन्याय नको म्हणून एक आठवण. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो तापतो अशा तक्रारी झाल्या तेव्हा पुष्कळांनी टायटॅनियमलाच दोषी धरलं. कंपनीने सांगितलं की दोष आयओएस १७ मधल्या त्रुटीचा आणि काही ॲप्सचा आहे, आणि काही दिवसांत १७.०.३ हा सुधारित अपडेट दिला. त्या फोनातही आतला सांगाडा ॲल्युमिनियमचाच होता, टायटॅनियम फक्त बाहेरच्या पट्टीला. धातूवरून फोनची पारख करताना हा बारकावा सहज सुटतो.

ओरखड्यांची ओरड मात्र मला रास्त वाटते. दुकानात मांडलेल्या फोनांच्या कॅमेऱ्याच्या चौथऱ्याच्या कडेला पहिल्याच दिवसांत चरे दिसू लागले. ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून विद्युत प्रक्रियेने त्याच्याच पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर वाढवतात. माणिक आणि नीलम ज्या संयुगाचे, तेच हे संयुग. या थराच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात. भगवा रंग तिथे बसलेला आहे. सपाट जागी हा थर टिकतो. टोकदार कडेवर घोटाळा होतो. थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे कडेवर दोन बाजूंचे थर एकमेकांना नीट बिलगत नाहीत आणि तिथे तो ठिसूळ राहतो. किल्ली किंवा नाणं लागलं की टवका उडतो आणि खालचा पांढुरका धातू उघडा पडतो. फोन उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटनेही हेच दाखवलं. कड थोडी गोल घेतली असती तर हे बरंच टळलं असतं. एवढ्या किमतीच्या वस्तूत ही चूक व्हायला नको होती. दुकानातल्या झिजलेल्या मॅगसेफ (चुंबकाने फोन धरणाऱ्या) स्टँडमुळे उमटलेले काही डाग पुसून निघणारे होते, असं कंपनीचं म्हणणं आहे. कडेचे टवके मात्र पुसून जात नाहीत.

भाच्याने शेवटी कोरेगाव पार्कच्या नव्या दुकानातून फोन घेतला. भगवाच. आठवडाभराने तक्रार घेऊन आला: "अर्धा तास गेम खेळलो की अख्खी पाठ कोमट होते. जुन्या फोनात फक्त कॅमेऱ्याजवळ तापायचं." मी त्याला वरचा गुणाकार पुन्हा करून दाखवला. अख्खी पाठ कोमट होते म्हणजे अख्खी पाठ कामाला लागली आहे. चेंबर उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त वाटून घेतो. जाड सिलिकॉनचं कव्हर घातलं की तो वाटा बाहेर पडायची दारंच बंद होतात, हे मात्र त्याला पटवायला वेळ लागला.

आणि मी नागपूरचा. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतात. त्या हिशोबात फोन ४५ वर आणि हवाही ४५ वर, म्हणजे फरक शून्य. शून्याला कशानेही गुणा, बाहेर जाणारी उष्णता शून्यच. कुठलाही चेंबर, कुठलाही धातू तिथे हात टेकतो. फोन वापरताना भोवतालची हवा शून्य ते ३५ अंशांत असावी असं कंपनी स्वतःच सांगते. विदर्भाचा अर्धा उन्हाळा त्या कक्षेबाहेर जातो. दुचाकीच्या हँडलला फोन अडकवून भर दुपारी पत्ते शोधत फिरणारी मुलं बघितली की माझा जीव तुटतो. डोक्यावर ऊन, नकाशा चालू, पडदा पूर्ण उजेडावर आणि पॉवर बँकेवरून चार्जिंगही सुरूच. लिथियमची बॅटरी अशा उष्णतेत भराभर म्हातारी होते, आणि ती झीज परत भरून येत नाही.

मेमध्ये येणार आहेस तर काय काळजी घेशील, असं मी भाच्याला विचारलं. "तापला की पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवीन," तो म्हणाला. ते नको. फ्रीजमधून बाहेर काढल्यावर थंडगार फोनवर हवेतली वाफ निवून पाणी होते, बाटलीला घाम फुटतो तसं, आणि ते पाणी फोनच्या फटीफटींत शिरू शकतं. कव्हर काढायचं, चार्जर काढायचा आणि आमच्या माजघरातल्या शहाबादी फरशीवर फोन पाठीवर ठेवून वर पंखा लावायचा. दगड पाठीतली उष्णता ओढून घेतो, आणि वाहत्या हवेत त्या गुणाकारातला १० चा आकडा दुप्पट-तिप्पट होतो.