कामगार संघटनांतील गटबाजी आणि कर्मचाऱ्यांची बडतर्फी

एकाच कामगार संघटनेतले दोन किंवा अधिक गट नेतृत्व, धोरण अथवा पैसा यांवरून एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि त्या झगड्यात संघटनेच्याच पगारावर असलेल्या माणसांना घरी पाठवले जाते. हा प्रकार संघटनांच्या इतिहासात वारंवार आढळतो. मान्यतेसाठी दोन स्वतंत्र संघटनांमध्ये होणारी चढाओढ हा वेगळा विषय असून या नोंदीत फक्त घरातल्या भांडणाचा विचार केला आहे.

संघटनेत तीन प्रकारची माणसे असतात. वर्गणी भरणारे सभासद, त्यांनी निवडलेले पदाधिकारी आणि पदाधिकाऱ्यांनी नेमलेले पगारी कर्मचारी. या कर्मचाऱ्यांत पूर्णवेळ संघटक, कार्यालयीन चिटणीस, हिशेबनीस, कायदा सल्लागार, टंकलेखक असे सगळे येतात. कागदावर हे तीन वर्ग वेगळे असले तरी प्रत्यक्षात एकच माणूस अनेकदा दोन टोप्या घालून वावरतो. कारखान्यातून आलेला संघटक सभासदही असतो आणि नोकरही. निवडणुकीत त्याने कोणाचा प्रचार करावा, हा सभासद म्हणून त्याचा हक्क. पण ज्याच्या विरोधात प्रचार केला तोच दुसऱ्या दिवशी त्याचा मालक होतो. पुढची बहुतेक गुंतागुंत येथून सुरू होते.

गट का पडतात

कराराच्या अटी पटल्या नाहीत, संप लांबला, संप लवकर मागे घेतला, वर्गणी वाढवली, दुसऱ्या संघटनेत विलीन होण्याचा ठराव आणला, एखाद्या राजकीय पक्षाशी जवळीक वाढली, अशी निमित्ते नेहमीची आहेत. एकाच संघटनेत कुशल आणि अकुशल, कायम आणि कंत्राटी, जुने आणि नवे कामगार असले की त्यांच्या हिताची ओढाताण गटांच्या रूपाने बाहेर येते.

जर्मन वंशाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये याला एक सैद्धांतिक चौकट दिली. लोकशाही तत्त्वावर उभ्या राहिलेल्या पक्षांत आणि संघटनांतही सत्ता हळूहळू मूठभरांच्या हाती जाते, असा त्यांचा सिद्धांत ‘अल्पजनसत्तेचा पोलादी नियम’ म्हणून ओळखला जातो. पगारी पदाधिकाऱ्याला पद गेले तर पुन्हा यंत्रावर उभे राहावे लागते, त्यामुळे पद राखणे ही त्याची व्यक्तिगत गरज बनते, हा त्यांच्या विवेचनातला मार्मिक भाग. १९५६ मध्ये लिप्सेट, ट्रो आणि कोलमन यांनी अमेरिकेतील मुद्रण कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या नियमाला अपवाद दाखवला. त्या संघटनेत दोन स्थिर पक्ष होते, निवडणुकीत सत्ता खरोखर पालटत असे आणि हरलेला गट पुढच्या खेपेची तयारी करत असे. गट असणे म्हणजे रोग, असे सरसकट मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यायला हवे. गटांना उघडपणे वावरायला जागा नसली की ते कार्यालयाच्या आतल्या खोलीत शिरतात, आणि तिथे सर्वांत आधी सापडतो तो कर्मचारी.

दप्तराचा ताबा

नेतृत्वाचा झगडा पेटला की पहिली धाव दप्तराकडे असते. सभासदांची नोंदवही, पावतीपुस्तके, इतिवृत्त, शिक्का, लेटरहेड, बँकेचे चेकबुक आणि कार्यालयाची किल्ली ज्याच्याकडे, त्याला आपणच खरी संघटना असल्याचे सांगता येते. मतदानाचा हक्क वर्गणी चुकती केलेल्यांनाच असतो. म्हणून नोंदवहीत कोणाचे नाव आहे, कोणाची थकबाकी दाखवली आहे, यावर निवडणुकीचा निकाल फिरू शकतो. ही वही कार्यालयीन चिटणीस सांभाळतो. संघटक खात्याखात्यांत फिरतो, कामगारांना नावानिशी ओळखतो, त्यांची प्रकरणे लढवतो. दोघांनाही मत देण्यापलीकडचे वजन असते. कर्मचाऱ्याची बडतर्फी ही अनेकदा भांडणाची पहिली गोळी ठरते, त्यामागचे कारण हेच.

क्रमही बहुधा ठरलेला असतो. आधी बदली किंवा काम काढून घेणे, मग शिस्तभंगाची किंवा कारणे दाखवा नोटीस, मग निलंबन. कारण म्हणून हिशेबातील गोंधळ, गैरहजेरी, गोपनीय माहिती फोडणे किंवा ‘आर्थिक अडचणीमुळे पदे कमी करणे’ पुढे येते. यांतले एखादे कारण खरेही असते, आणि त्यामुळे बाहेरच्या माणसाला निवाडा करणे अवघड जाते. गैरव्यवहार उघड करणाऱ्या हिशेबनिसाला काढले आणि गैरव्यवहार करणाऱ्या हिशेबनिसाला काढले, तर दोन्ही आदेशांतली भाषा जवळजवळ सारखीच असते.

भांडण आणखी पुढे गेले की दोन कार्यकारिणी, दोन सरचिटणीस आणि दोन अधिवेशने होतात. एक बाजू दुसरीची हकालपट्टी करते, दुसरी ती हकालपट्टी घटनाबाह्य ठरवते. बँकेकडे दोन्हींची पत्रे जातात आणि बँक खाते गोठवते. अशा वेळी पगार थांबतो तो कोणत्याच गटात नसलेल्या शिपायाचा आणि टंकलेखकाचाही.

काही ऐतिहासिक प्रसंग

अमेरिकेतील मोटार कामगारांच्या संघटनेत १९३९ च्या जानेवारीत अध्यक्ष होमर मार्टिन यांनी कार्यकारी मंडळाच्या बहुसंख्य सदस्यांनाच निलंबित केले. मंडळाने उलट अध्यक्षांवर कारवाई केली आणि काही काळ एकाच नावाच्या दोन संघटना अस्तित्वात होत्या. त्याच संघटनेत १९४६ मध्ये वॉल्टर रूथर अध्यक्ष झाले, पण मंडळात बहुमत विरोधकांचे राहिले. १९४७ च्या अधिवेशनात मंडळही रूथर गटाकडे आले आणि लगोलग विरोधी गटाशी जवळीक असलेल्या पगारी माणसांना काढण्यात आले. संघटनेचे प्रमुख वकील मॉरिस शुगर हे त्यांतले ठळक नाव. शीतयुद्धाच्या वातावरणात ही लाट सर्वत्र पसरली. ब्रिटनच्या वाहतूक आणि सामान्य कामगार संघटनेने १९४९ मध्ये कम्युनिस्टांना पदे धारण करण्यास बंदी घातली. ती मान्य न करणाऱ्या पूर्णवेळ अधिकाऱ्यांची नोकरी गेली, आणि ही बंदी १९६८ पर्यंत टिकली. अमेरिकेत औद्योगिक संघटनांच्या महासंघाने (सीआयओ) १९४९-५० मध्ये ११ संघटना बाहेर काढल्या.

ब्रिटनच्या विद्युत कामगार संघटनेत १९५९ ची सरचिटणीसपदाची निवडणूक मतपत्रिकांच्या लबाडीने जिंकल्याचे न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले आणि पराभूत घोषित केलेल्या उमेदवाराला सरचिटणीस म्हणून जाहीर केले. कार्यालयीन यंत्रणा एका गटाच्या मुठीत असली की मतपेटीचे काय होते, याचे हे प्रकरण नेहमी उदाहरण म्हणून दिले जाते.

सर्वांत काळा अध्याय अमेरिकन खाण कामगारांच्या संघटनेतला. १९६९ मध्ये जोसेफ याब्लॉन्स्की यांनी अध्यक्ष टोनी बॉयल यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली. ते संघटनेच्या राजकीय विभागाचे प्रभारी संचालक होते, ते पद बॉयल यांनी काढून घेतले. ही सूडाची कारवाई असल्याचे प्रथमदर्शनी मानून न्यायालयाने त्यांना पुन्हा पदावर बसवले. डिसेंबरमधील निवडणूक याब्लॉन्स्की हरले आणि ३१ डिसेंबरला पत्नी व मुलीसह त्यांची घरात हत्या झाली. पुढे ती निवडणूक रद्द झाली. १९७२ च्या फेरनिवडणुकीत सुधारणावादी गटाचे अर्नोल्ड मिलर निवडून आले, आणि हत्येच्या कटाबद्दल बॉयल यांना शिक्षा झाली.

भारतात फुटीचा मोठा प्रसंग १९२९ चा. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या (आयटक) अधिवेशनात ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्काराचा ठराव झाला आणि ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी आदी नेमस्त मंडळी बाहेर पडून त्यांनी वेगळा महासंघ काढला. १९३१ मध्ये कम्युनिस्टांचा एक गटही वेगळा झाला. १९४० पर्यंत हे प्रवाह पुन्हा एकत्र आले आणि जोशी पुन्हा सरचिटणीस झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास पक्षनिहाय महासंघ निघाले. काँग्रेसशी जवळीक असलेली इंटक १९४७ मध्ये, हिंद मजदूर सभा १९४८ मध्ये. १९७० मध्ये आयटकमधून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जवळीक असलेली सिटू वेगळी झाली. या फुटींमागे वैचारिक कारणे होती हे खरे, पण स्थानिक पातळीवर प्रत्येक वेळी कार्यालय कोणाचे, हा प्रश्न वेगळा लढावा लागला.

वरिष्ठ संघटनेने स्थानिक शाखा ताब्यात घेणे हा याच झगड्याचा दुसरा अवतार. अमेरिकेत सेवा कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २७ जानेवारी २००९ रोजी कॅलिफोर्नियातील सुमारे दीड लाख सभासदांच्या आरोग्य कर्मचारी शाखेवर प्रशासक नेमला. निवडलेले नेतृत्व एका दिवसात पदमुक्त झाले. त्यांनी लगेच नवी संघटना स्थापन केली. शाखेचा पैसा आणि वेळ मूळ संघटनेविरुद्ध वापरल्याबद्दल २०१० मध्ये ज्युरीने या जुन्या नेत्यांना सुमारे १५ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये बांधकाम कामगारांच्या संघटनेवर गुन्हेगारी संबंधांच्या आरोपांमुळे थेट संसदेने कायदा करून प्रशासक बसवला. तिथे कारण गटबाजीचे नव्हते, परिणाम मात्र तोच झाला. जुन्या पदाधिकाऱ्यांच्या जागा एकदम रिकाम्या झाल्या.

कायदा काय म्हणतो

सभासदाची हकालपट्टी आणि कर्मचाऱ्याची बडतर्फी यांना कायदा वेगळी मापे लावतो. सभासदाच्या बाबतीत न्यायालये संघटनेची घटना आणि नैसर्गिक न्याय पाहतात. त्रिनिदादच्या तेल कामगार संघटनेने एका सभासदाला एका कलमाखाली आरोपपत्र दिले आणि आरोपात नसलेल्या दुसऱ्याच कलमाखाली बाहेर काढले. १९६१ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींसाठीचे सर्वोच्च अपील न्यायालय) हा निर्णय रद्द केला. आरोप सांगा, म्हणणे ऐका, मग शिक्षा द्या, एवढीच ही अपेक्षा असली तरी बहुतेक घाईच्या हकालपट्ट्या तिथेच कोसळतात.

कर्मचाऱ्याच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव सर्वांत बोलका आहे. तिथे १९५९ च्या कायद्याने संघटनेच्या सभासदांना मतस्वातंत्र्याची सनद दिली. ओहायो राज्यातील टोलीडो येथे वाहनचालक संघटनेच्या शाखेत नवा अध्यक्ष निवडून आला आणि त्याने आधीच्या अध्यक्षाचा प्रचार केलेल्या नेमलेल्या प्रतिनिधींना काढून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८२ मध्ये न्यायालयाने अध्यक्षाची बाजू उचलून धरली. सनद सभासदत्वाचे रक्षण करते, नेमणुकीच्या नोकरीचे नाही. लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाला स्वतःच्या विश्वासातली माणसे नेमता येणे हा लोकशाहीचाच भाग आहे, असा तर्क होता. सात वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच न्यायालयाने वर्गणीवाढीला विरोध केल्याबद्दल काढलेल्या निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या बाजूने निकाल दिला. ज्याला सभासदांनी निवडले त्याला सूडाने काढणे म्हणजे मतदारांच्या हक्कावर घाला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर रेषा स्पष्ट दिसते. धोरण राबवणाऱ्या संघटकाबाबत पहिला तर्क पटतो. पण पावत्या फाडणाऱ्या कारकुनाला तोच नियम लावायचा का, हा प्रश्न १९८२ च्या निकालाने जाणीवपूर्वक उघडा ठेवला होता.

भारतात १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानुसार पदाधिकारी निवडण्याची आणि काढण्याची पद्धत संघटनेच्या घटनेत लिहिणे आवश्यक होते आणि बदलांची माहिती संघटनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी निबंधकाकडे द्यावी लागे. पण दोन गटांपैकी खरा कोणता, हे न्यायनिवाड्यासारखे ठरवण्याचा अधिकार निबंधकाला नाही, असे न्यायालयांनी सांगितल्याने वाद दिवाणी न्यायालयात रेंगाळत. महाराष्ट्राने या कायद्यात स्वतंत्र दुरुस्ती करून निबंधकाच्या संमतीने पदाधिकारी आणि सभासदत्वाचा वाद औद्योगिक न्यायालयाकडे नेण्याची वाट काढली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत संघटनेतील निवडणूक, कारभार आणि सभासदत्वाचे वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपवले आहेत.

मालकाच्या खुर्चीत संघटना

संघटना स्वतः मालक असते, हे मान्य व्हायलाही वेळ लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने वाहनचालक संघटनेच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांची तक्रार हाताळण्यास नकार दिला होता. संघटनांना एक वर्ग म्हणून मालकाच्या व्याख्येतून वगळता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये स्पष्ट केले. आज अनेक देशांत संघटनांच्या कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या संघटना आहेत. त्यांच्या करारात बडतर्फीपूर्वी चौकशी, तटस्थ लवाद आणि सबळ कारणाची अट असली, तर नेतृत्व बदलले म्हणून कारकून बदलत नाही. हा उपाय पुढाऱ्यांना मनापासून आवडतो असे दिसत नाही. मालकाकडून जी अट आपण भांडून मिळवतो तीच आपल्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूने आली की ‘संघटना ही चळवळ आहे, कारखाना नव्हे’ असे उत्तर मिळते. त्यात तथ्य नाही असेही नाही, कारण पगार सभासदांच्या वर्गणीतून जातो आणि चळवळीवर श्रद्धा नसलेला संघटक कामाचा नसतो.

ही ओढाताण जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियात जगाला दिसली. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या शिक्षक संघटनेचे वार्षिक अधिवेशन चालू असताना तिच्याच कर्मचाऱ्यांनी संप करून दारावर पिकेटिंग (निदर्शकांचा पहारा) केले. पिकेट लाइन ओलांडायची नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी तिथले भाषण रद्द केले, अधिवेशन अर्धवट थांबले, आणि शिक्षक संघटनेने आपल्या कर्मचाऱ्यांना टाळेबंदी जाहीर केली.